साठवलेले ऊन कोणाचे?

साठवण हा जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील संसाराचा फार जुना गुण आहे. कणगीत भात, बराखीत कांदा, सातगाव पठारावरच्या सावलीतल्या अरणीत बटाटा, आणि पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांत घराच्या कोपऱ्यात वाळवून ठेवलेला हिरडा. हाती आलेले सगळेच आज संपवावयाचे नसते, हे येथील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आता या यादीत एका नव्या वस्तूची भर पडू पाहत आहे. ती वस्तू म्हणजे ऊन. दिवसा छपरावर पडलेले ऊन विजेच्या रूपाने बॅटरीत भरून ठेवावे आणि रात्री वापरावे, अशी सोय आज बाजारात मिळते. अनेक कुटुंबांतून तिचा विचारही चालू आहे. ही साठवण करावी काय, आणि करावयाची तर कोणत्या हेतूने, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करू.

‘परवडते काय?’ हा या प्रश्नाचा पहिला अर्थ आहे. दुसरा अर्थ ‘योग्य आहे काय?’ असा आहे. पहिल्याचे उत्तर कागदावर मांडता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना आपल्या कुंपणाबाहेरही पाहावे लागते. परंतु पहिला हिशेब न करता दुसऱ्याकडे वळणे म्हणजे नुसता उपदेश होईल. म्हणून आरंभ हिशेबापासूनच करू.

२०२४च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. १ कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. आपल्याकडील उन्हात १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. म्हणजे २ किलोवॉटचा संच ८ युनिट देईल. साधारण कुटुंबाला ही वीज पुरून उरते. पण हे अनुदान पॅनेलसाठी आहे. बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा असतो.

बॅटरी नसेल तर दिवसाची उरलेली वीज कोठे जाते? ती नेट मीटरमधून महावितरणच्या तारेत जाते आणि आपल्या नावावर जमा होते. रात्री आपण तारेतून जी वीज घेतो ती त्या जमेतून वळती होते. दुपारी शेजाऱ्याच्या घरी दहा पायल्या भात ठेवावयास द्यावा आणि संध्याकाळी तितकाच परत आणावा, तसा हा व्यवहार आहे. जोवर हा शेजारी प्रामाणिकपणे भात परत देतो तोवर आपल्या घरात नवी कणगी विकत घेण्याने पैशाचा काही लाभ होत नाही. तार हीच आपली बॅटरी असते.

आता विकतच्या कणगीचा भाव पाहू. हिशेबापुरते असे धरू की, ५ युनिट साठविणारी लिथियमची बॅटरी १ लाख रुपयांना मिळाली, ती दहा वर्षे टिकली आणि तिच्यातून रोज ४ युनिट वीज घेतली. दहा वर्षांत १४,६०० युनिट होतात. म्हणजे एका युनिटच्या नुसत्या साठवणुकीला जवळजवळ ७ रुपये पडले, आणि ती वीज पॅनेलने तयार करण्याचा खर्च वेगळाच राहिला. जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी घेतली तर पहिली रक्कम कमी पडेल. परंतु ती बहुधा चार-पाच वर्षांत बदलावी लागते आणि तिची निम्मीच क्षमता वापरावी म्हणजे ती टिकते. नेट मीटर असलेल्या घराला केवळ बिल वाचविण्यासाठी बॅटरी परवडत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

यावर कोणी म्हणेल, बिल वाचविण्यासाठी बॅटरी घेतोच कोण? ती वीज गेल्यावर उपयोगी पडावी म्हणून घ्यावयाची. हे म्हणणे रास्त आहे. छपरावर पॅनेल बसविले की वीज जाण्याची चिंता संपली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. तारेशी जोडलेला साधा सौर संच तारेतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. भर दुपारी डोक्यावर सूर्य असतानाही घरात पंखा थांबलेला, हे दृश्य म्हणूनच दिसते. बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर असेल तरच त्या वेळी घर चालते. तेव्हा बॅटरीने आपण वीज विकत घेत नाही. आपण खंड न पडण्याची हमी विकत घेतो.

त्या हमीचाही हिशेब होतो. वर्षाकाठी २०० तास वीज जाते आणि त्या काळात घराला तासाला ०.३ युनिट लागते असे धरले, तर वर्षाला ६० आणि दहा वर्षांत ६०० युनिट होतात. १ लाख रुपयांच्या बॅटरीने एवढेच काम केले तर एक युनिट सुमारे १६७ रुपयांना पडले. हा आकडा पाहून बॅटरी टाकाऊ ठरवावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात दम्याच्या रुग्णाला रात्री वाफेचे यंत्र लागते, त्या घरी त्या एका युनिटची किंमत १६७ रुपयांहून कितीतरी अधिक आहे. ज्या घरात केवळ दूरचित्रवाणीची मालिका चुकू नये एवढीच काळजी आहे, तेथे ती बरीच कमी आहे. आकडा दोन्ही घरांत तोच राहतो, गरज मात्र निराळी असते. बॅटरी किती मोठी घ्यावी याचा निर्णय आपली भीती करते की आपली गरज, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःशी तपासून पाहावे.

गरजेपुरता विचार केला तर साठवण फार लहान होते. ९ वॉटचे तीन एलईडी दिवे सहा तास जाळले तर १६२ वॉट-तास वीज लागते, म्हणजे एका युनिटचा साधारण सहावा भाग. एक पुस्तक, एक चूल आणि एक दार उजळावयास एवढी वीज पुरेशी आहे. २०१७च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत, जेथे तार नेणे कठीण अशा दूरच्या घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच दिवे आणि एक पंखा असा संच ठरविलेला होता. अंधारात असलेल्या घराला पहिल्या सहाव्या भागाने जे मिळते, ते उजेडात असलेल्या घराला पुढच्या पाच युनिटांनी मिळत नाही. साठवणुकीचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरू नये.

या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग हा डोंगराचा. भीमाशंकराच्या रानात आणि नाणेघाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा तारा तुटतात, खांब वाकतात आणि वायरमन पोहोचेपर्यंत वाड्या अंधारात राहतात. २०२०च्या ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने येथील हिरड्याची झाडे उन्मळून टाकली आणि विजेचे खांबही आडवे केले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. अशा वाडीत बॅटरीची गरज सर्वांत मोठी आहे, यात शंका नाही. पण येथेच बॅटरीची मर्यादाही उघडी पडते. अंधार ज्या दिवसांत असतो त्याच दिवसांत सूर्यही ढगाआड असतो. बॅटरी एक रात्र ओलांडून नेते. तिला श्रावण ओलांडता येत नाही. म्हणून तेथे मोठ्या संचापेक्षा काटकसरीने वापरावयाचा लहान संच, आणि त्याहून अधिक म्हणजे वेळेवर दुरुस्त होणारी तार, हीच खरी मदत ठरेल. तार दुरुस्त करण्याची मागणी सोडून घरोघरी बॅटरी वाटली, तर ती त्या वाडीची एक प्रकारे फसवणूकच होईल.

पूर्व भागातील अंधार निराळा आहे. तेथे कालवे आहेत, ऊस आहे, द्राक्षे आहेत, टोमॅटो आहे. घरात दिवाही आहे. पण शेतीच्या पंपाला वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली; एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की शेतकऱ्याने विजेरी घेऊन पाणी भरावयास जावे आणि त्याच उसात बिबट्याने वस्ती केलेली असावी, ही या भागाची ठसठसती जखम आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. त्यांतील दोनशेहून अधिक गावे २०२४ साली बिबट्याच्या दृष्टीने आपत्तिप्रवण म्हणून जाहीर झाली. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात थोड्याच दिवसांच्या अंतराने बिबट्याने बालकांचे बळी घेतले, तेव्हा संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. बिबट्या दिवसाही येतो, हे त्या घटनांनी दाखविले; दिवसा वीज मिळाल्याने सगळेच संकट टळेल असे कोणी म्हणू नये. तरीही ज्या माणसाला रात्री दोन वाजता उसाच्या सरीत उभे राहावे लागते, त्याचे तेवढे तरी भय कमी करणे आपल्या हाती आहे.

हे भय घरातल्या बॅटरीने कमी होत नाही. ते कमी करण्याचा मार्ग दुसरा आहे. २०१७ साली राज्यात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. शेतीच्या वाहिनीला जवळच्याच सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यावी, ही त्यामागील कल्पना आहे. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४च्या सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे ३ मेगावॉट क्षमतेने सुरू झाला. या योजनेत ऊन साठवावे लागत नाही, कारण साठवण पाण्याची होते. दिवसाच्या विजेने विहिरीचे पाणी शेततळ्यात चढवून ठेवले की हव्या त्या वेळी ते उताराने पिकाला देता येते. येथे शेततळे हेच बॅटरीचे काम करते. ते काही सहा हजार वेळा भरून-रिकामे करून निकामी होत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व आपल्या शेजारी अनेक वर्षे राबविले जात आहे. नाणेघाटाजवळचे घाटघर आपणांस ठाऊक असते. पण अकोले तालुक्यातही एक घाटघर आहे, आणि तेथे २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज उरते तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे आणि वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी कोकणाच्या अंगाला सोडून वीज करावयाची, असा त्याचा क्रम आहे. सूर्य मावळतो आणि गावोगाव दिवे लागतात, ती संध्याकाळची वेळच आता विजेच्या व्यवस्थेला सर्वांत कठीण जाते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवणारी अशी साठवण जोवर उभी राहत नाही, तोवर कोळशाची भट्टी विझणार नाही. साठवणुकीची गरज खरी आहे. ती प्रत्येक घरानेच भागवावी काय, एवढाच प्रश्न आहे.

मात्र मोठी साठवण निर्दोष असते असेही नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले तेच गाव नकाशावरून पुसले गेले आणि डोंगरातील कुटुंबे विस्थापित झाली. ते पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले आणि तेथे ऊस पिकला. पाणी साठवावयाचे असो वा वीज, कोणाच्या तरी अंगणात ती साठवण करावी लागते. ती ज्याच्या अंगणात होते त्याला तिच्यातला वाटा मिळाला काय, हे विचारल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाला पर्यावरणाचा मित्र म्हणू नये.

घरातली बॅटरीही या प्रश्नातून सुटत नाही. तिचे अंगण दूर असल्यामुळे ते आपल्याला दिसत नाही, इतकेच. लिथियम दक्षिण अमेरिकेतील कोरड्या वाळवंटी प्रदेशातून येते आणि तेथे ते मिळविण्यासाठी खारे पाणी उपसून वाळवितात. काही बॅटऱ्यांना लागणारे कोबाल्ट मुख्यतः काँगोतून येते, आणि तेथील खाणींत लहान मुलेही राबलेली आहेत. घरगुती साठवणुकीसाठी आता अधिक वापरली जाणारी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी कोबाल्टविना बनते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. शिशाच्या जुन्या बॅटरीचा दोष तर आपल्याच अंगणात आहे. भंगारात गेलेली बॅटरी उघड्यावर फोडून शिसे वितळविले जाते, तेव्हा तो धूर कोणाच्या तरी मुलाच्या रक्तात उतरतो. २०२२ साली केंद्र सरकारने बॅटरी-कचऱ्याचे नियम केले आणि जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण भंगारवाल्याने दोनशे रुपये अधिक दिले की आपण ती कोणाच्या हाती देतो, हा प्रश्न शेवटी आपल्याच दारात सुटतो.

याहून सूक्ष्म असा एक प्रश्न राहतो. तार, खांब, डीपी आणि वायरमन यांचा खर्च आपण सगळे मिळून उचलतो. जो अधिक वीज वापरतो तो अधिक दर देतो, आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत भागविणाऱ्या घराला कमी दर लागतो. ज्यांच्याकडे पक्के छप्पर आणि गाठीला पैसा आहे ती घरे एकेक करून आपापल्या बॅटरीवर गेली, तर त्या तारेचा भार कोणावर पडेल? कौलाच्या खोपटात राहणाऱ्यावर, भाडेकरूवर, आणि ऊसतोडीला आलेल्या पालावरच्या कुटुंबावर. सार्वजनिक विहिरीवरून ज्यांनी घरात नळ घेतला, त्यांना विहिरीचा गाळ काढावयास बोलावणे कठीण जाते, हा अनुभव गावांना नवा नाही. वीज गेल्यावर आरडाओरडा करणारी सधन घरेच जर अंधारात बसेनाशी झाली, तर तक्रार करावयास कोण उरेल?

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. महाग वस्तू प्रथम सधन माणसेच घेतात, आणि त्यांच्या खरेदीने ती पुढे स्वस्त होते. सौर पॅनेलचे असेच झाले आहे. शिवाय तारेशी जोडलेले राहून संध्याकाळी आपल्या बॅटरीवर चालणारे घर तेवढा भार व्यवस्थेवरून कमी करते. ते समाजाचे देणेच फेडते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला २०२५ पासून राज्यात सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर सवलत मिळते. दिवसाच्या आणि रात्रीच्या दरांतील अंतर असेच वाढले, तर आम्ही वर मांडलेला हिशेबही बदलेल. तेव्हा बॅटरी घेणारा स्वार्थी आणि न घेणारा सज्जन, अशी सोपी वाटणी करता येणार नाही. तार तोडण्यासाठी घेतलेली बॅटरी आणि तारेला हातभार लावण्यासाठी घेतलेली बॅटरी या दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांची नीती भिन्न आहे.

दहा कुमारिकांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. पाचजणींनी तेल बरोबर घेतले होते आणि पाचजणींनी घेतले नव्हते. तेल देऊ केले असते तर कोणालाच पुरले नसते. दूरदृष्टी ज्याची त्यानेच बाळगावी लागते, हा त्याचा बोध. पण तेलाच्या दिव्यात आणि विजेत एक फरक आहे. वीज तारेवरून जाते, आणि ती वाटून घेण्याची सोय मनुष्याने अगोदरच करून ठेवली आहे.

म्हणून आम्हांस एक क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम उधळपट्टी थांबवावी, कारण न वापरलेले युनिट साठवावे लागत नाही. मग ऐपत असल्यास छपरावर पॅनेल बसवून तारेशी जोडावे. बॅटरी घ्यावयाची ती आजारी माणूस, अभ्यास करणारे मूल आणि रात्रीचा दिवा यांच्या मापाने घ्यावी, आणि जुनी झाल्यावर ती योग्य हातीच द्यावी. त्यापुढे जी रक्कम उरेल तिची बॅटरी एकेका घरात ठेवण्याऐवजी वाडीतील शाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, पिण्याच्या पाण्याच्या योजनेवर किंवा चर्चच्या सभागृहात ठेवावी. तेथे वादळाच्या रात्री पन्नास घरांचे मोबाईल भरले जातील, लस थंड राहील, बाळंतिणीला उजेड मिळेल. पाच घरांनी मिळून असा एक संच बसविणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाटाने जाणाऱ्या-येणाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असे सांगतात. घराच्या कणगीहून तो रांजण निराळा. तो वाटेवर होता आणि वाटेसाठी होता. आपल्या भागाने कणगी आणि रांजण या दोन्ही साठवणी पाहिल्या आहेत. उन्हाच्या साठवणुकीतही दोहोंना जागा आहे. मात्र सध्या सगळे बोलणे कणगीचेच चालले आहे. पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या वस्तीत रांजणाचाही विषय कोणी काढला, तर बरे होईल.